पोट ऑटोवर असतं

मुसफ्फा, अबुधाबी
शुक्रवार, ६ मार्च १९९८

महादूदादा,

पत्राची सुरुवात कशी करायची ते शाळेत शिकवलं त्या दिवशी मी मागच्या खिडकीतून उतरलो होतो, म्हणून डायरेक्ट सुरू करतो. मी धन्या. फाडू नकोस. हे पान तरी वाच, पुढचं फाड.

तू गावी गेलास त्याला दोन महिने झाले. तुझ्या बेडवर आता एक नेपाळी आलाय. चांगला माणूस आहे, फक्त झोपेत गातो. तुझी पत्रा कापायची कातर स्टोअरवाल्याने परत घेतली, पण तुझी रेघ मारायची दोरी, ती लाल पावडरच्या डबीतली, मी लपवून ठेवलीय. एसीच्या डक्टच्या पत्र्यावर तुझ्यासारखी सरळ रेघ आता कोणाची येत नाही. फोरमन परवा बोलला, "वो महादू का लाइन, खलास, अब कोई नहीं मारता." तुला कळवावंसं वाटलं.

आता कबुली. सकाळी तू संडासात गेलास की पाच मिनिटांत बसचा हॉर्न वाजायचा. तू लुंगी सावरत, बादली टाकून धावत बाहेर यायचास आणि बाहेर बस नसायचीच. तुला वाटायचं ड्रायव्हर मस्करी करतो. ड्रायव्हर बिचारा पठाण, तो पगाराच्या दिवशी पण हसत नाही. तो हॉर्न मी होतो. पाऊण इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा घ्यायचा, तोंडाला घट्ट लावायचा आणि ओठ फडफडवत फुंकायचं. सेम टू सेम. सगळी खोली उशीत तोंड घालून हसायची. तू परत आत जायचास. मी परत फुंकायचो.

चार-चार वेळा जायचास तू. चोवीस माणसांत दोन संडास, म्हणून लोक शिव्या द्यायचे आणि तुला 'शटल सर्व्हिस' बोलायचे. ते नाव पण मीच ठेवलं. डॉक्टरने रक्त काढलं, सोनोग्राफी केली, शेवटी ती नळी पण घातली आणि सगळं नॉर्मल आलं. तेव्हा फोरमन बोलला, "नाटक है." मी पण बोललो. मोठ्याने बोललो.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यात अडकलीय. डिसेंबरातला तो शुक्रवार आठव. सुट्टी, दुपार, तू मांडी घालून वरण-भात खातोयस, वर तळलेली सुरमई. बाहेर पाण्याचा टँकर आला आणि त्याने हॉर्न दिला. तू हातातला घास टाकून धावलास. सुट्टी आहे हे तुला माहीत होतं. बस येणार नाही हे पण माहीत होतं. मग पोटाला कोणी सांगितलं? हॉर्न जातो कानात. कानातून पोटापर्यंत वायर कुठून टाकलीय? त्या दिवशी मी हसलो नाही. म्हणजे हसलो, पण नंतर विचार केला.

दुसरं असं की हनीफला गावच्या घरून खतीजाभाभीचं पत्र आलं. तू ठकुबाईवहिनीच्या हातचं पाणी पण घेत नाहीस म्हणे. ओटीच्या मधे चटई बांधून चूल वेगळी केलीस. तुझ्या पिशवीत टाचण्या टोचलेलं लिंबू निघालं, ते तिनेच ठेवलं असं गावभर सांगतोस. दादा, वहिनी असं कशाला करेल? तुझा भाऊ गेला तेव्हा तू सातवीत होतास. तिने तुला वाढवला. दोन आंब्यांच्या वाटणीवरून बोलाचाली झाली म्हणून कोणी करणी करतं का? पिशवी तिने शिवली, पोहे-कोकम तिने भरलं, म्हणून लिंबू पण तिचंच असं थोडंच आहे? पिशवी किती हातांतून आली. विमानातून आली. एखाद्या विमानवाल्याने ठेवलं असेल.

मला त्यातलं काही माहीत नाही. मी फक्त हॉर्नचं कबूल करतोय.

तुझा हॉर्नवाला,
धन्या

⁂

मुसफ्फा
शुक्रवार, ३ एप्रिल १९९८

महादूदादा,

तुझं उत्तर आलं नाही. पोस्टाने हरवलं असं धरून चालतो, म्हणजे मला वाईट वाटणार नाही.

कानापासून पोटापर्यंतची ती वायर मला सापडली.

झालं असं की शहरातल्या एका क्लिनिकची एसीची कम्प्लेंट आली. डॉक्टरीणबाई पोटाच्या. खोलीत भिंतीवर हे एवढं मोठं आतड्याचं चित्र. पॅनेल त्याच्याच बाजूला. मी पॅनेल उघडून चित्र बघत बसलो.

"भैया, कितना टाइम? बाहर पेशंट बैठे हैं."

मी तंद्रीत बोललो, "दहा मिनिटं, मॅडम."

"अरे, मराठी का?"

"खेडचा."

"मी पुण्याची. सुचित्रा. मग नीट कर बाबा, सोलापूर झालंय आत."

मी विचारलं, "मॅडम, हा पाइप किती फुटाचा?"

"कुठला?"

"हा. पोटातला."

"छोटं आतडं वीस फुटांच्या आसपास. मोठं पाच."

"पंचवीस फूट रनिंग, आणि कंट्रोल कुठेय?"

बाई हसल्या आणि पेन खाली ठेवलं. मग मी तुझी गोष्ट सांगितली. नाव नाही घेतलं. बोललो, एक माणूस आहे, त्याचं पोट बसच्या हॉर्नला घाबरतं. कारण दुसरा एक माणूस आहे, तो पाइपात फुंकून खोटा हॉर्न वाजवायचा.

"केवढ्या पाइपात?"

"पाऊण इंची."

"तुला बरं माहीत."

मी स्क्रू शोधायला खाली वाकलो.

पण बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला उलटं विचारलं, "काळीज धडधडतं, घाम येतो, जेवण पचतं. ह्यांना तू रोज सकाळी उठून सांगतोस का, चालू व्हा म्हणून?"

"नाही."

"ते आपोआप चालतं. त्याचं वायरिंग वेगळं असतं. त्याला ऑटोनॉमिक म्हणतात."

दादा, माझ्या हातात तेव्हा काय होतं सांग. पॅनेलवरची ती तीन टोकांची चावी. हॅन्ड, ऑफ, ऑटो: हाताने चालवा, बंद करा, नाहीतर आपलं आपण चालू दे. मी बोललो, "म्हणजे हात-पाय हॅन्डवर, आणि पोट ऑटोवर."

"अगदी. आणि ऑफ नाही."

मग त्यांनी सांगितलं, त्या ऑटोमध्ये दोन लायनी असतात. एक 'पळ नाहीतर मार' लाइन, दुसरी 'जेव आणि पड' लाइन. वाघ दिसला की पहिली चालू होते. काळीज जोरात, तोंड सुकतं, वरचं पोट काम थांबवतं, आणि पुष्कळांचं खालचं आतडं एकदम धावत सुटतं. वाघ गेला की दुसरी लाइन येते आणि सगळं थंड करते. वायरी वर मेंदूला जातात आणि खाली आतड्याला, आणि निरोप दोन्हीकडून येतात. उलट खालून वरच जास्त जातात, असं त्या बोलल्या. मला हे नवीन होतं. मला वाटायचं पोट नुसतं ऐकतं. ते बोलतं पण.

"मग ह्या माणसाचा पाइप खराब आहे का?" मी विचारलं.

"नळी घालून बघितलं ना? स्वच्छ असणार. म्हणूनच लोक म्हणतात नाटक."

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मी बोललो, "म्हणजे मोटर ओके, पाइप ओके, पण सेन्सर तिखट झालाय. थोडी हवा लागली की ट्रिप मारतो."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं जसं आपला फोरमन कधीच बघत नाही. "हे मी उद्यापासून पेशंटना सांगणार. आम्ही त्याला आयबीएस म्हणतो. चिडकं आतडं म्हण. दुखणं खरं असतं, पोटातला गॅस आपल्याला कळत पण नाही, त्याला तो सुरीसारखा लागतो."

तर दादा, मी तुला नाटक बोललो ते परत घेतो. लेखी.

मी विचारलं, हॉर्नने झालं का हे सगळं? बोलल्या, नसेल. आधीच असेल, कधी पोटाच्या इन्फेक्शननंतर पण सुरू होतं, आणि नेमकं का होतं ते अजून कोणालाच पुरतं कळलेलं नाही. "पण दुखऱ्या जागेवर त्या पाऊण इंचीवाल्याने रोज बोट घातलं," असं बोलल्या.

मग मी जाता जाता विचारलं, सहज, "समजा त्या माणसाला वाटलं की आपल्यावर करणी झालीय. पिशवीत लिंबू निघालं, टाचण्या टोचलेलं. पण लिंबू खोटं असलं, तर?"

"लिंबू खोटं असेल, भीती खरी आहे ना? मग तो दिवसभर आतल्या आत हॉर्न ऐकत असेल." मग बोलल्या, "कोणी ठेवलं होतं?"

"कोणाला माहीत," मी बोललो आणि चावी ऑटोवर टाकली. एसी चालू झाला.

त्यांनी तुझ्यासाठी निरोप दिलाय. शौचातून रक्त गेलं, वजन उतरलं, ताप आला तर खेडच्या मोठ्या डॉक्टरला दाखव, घरी बसू नकोस. नाहीतर इसबगोल, वेळेवर जेवण, आणि जेवताना डोक्यात कोणाचं भांडण नको. कोणी आपल्याला मारायला टपलंय असं धरून खाल्लेलं अन्न पोट नीट घेत नाही.

वहिनी भाकरी चांगली करायची ना? तूच सांगायचास.

धन्या

⁂

मुसफ्फा
शुक्रवार, १ मे १९९८

महादूदादा,

हे तिसरं पत्र. पोस्टमास्तरला वाटत असेल मी तुझा जावई आहे.

मी आता ह्या ऑटोवर प्रयोग करतोय. पहिला प्रयोग, काळजाला ऑर्डर देणे. बेडवर पडलो, मनगट धरलं आणि बोललो, "हळू." काही नाही. "यल्ला, चल, हळू." उलट वाढलं. पोटाला बोललो, गुरगुर. गप्प. मग नेपाळ्याने कांदा फोडला आणि पोट आपोआप गुरगुरलं. कांद्याचं ऐकतं, मालकाचं ऐकत नाही. मात्र एक गोष्ट चालते. श्वास सावकाश सोडत राहिलं तर काळीज थोडं खाली येतं. श्वासाला हॅन्ड पण आहे आणि ऑटो पण. ती एकच चावी दोन्हीकडे फिरते. तू करून बघ, बसायच्या आधी.

दुसरा प्रयोग मी केला नसता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मेसमध्ये दाल होती. सगळे पोटभर जेवले, नेपाळी बोटं चाटत होता. मी पातेल्यात वाकून बघितलं आणि हळूच बोललो, "अरे भाई, छिपकली."

पातेल्यात काही नव्हतं, दादा. करपलेली मिरची होती. पण नेपाळ्याचा चेहरा कागदासारखा झाला. एवढा घाम की कपाळावरून टपकला. तो बेसिनपर्यंत पण पोचला नाही. मी पाठ चोळत सांगतोय, "मजाक किया, मजाक, मिर्ची है," आणि तो ओकतोच आहे. त्याला ऐकू येत होतं. मान पण हलवत होता की हो, समजलं. पण पोट थांबेना.

आणि आता ऐक. त्याला बघून मला पण उलटी झाली. दालीत पाल नाही हे अख्ख्या अमिरातीत फक्त मला पक्कं माहीत होतं, कारण पाल मीच बनवली होती, तोंडाने. तरी मला झाली.

मी बेसिनजवळ बसून राहिलो. विचार केला, खोटं बोलणं माझ्या हातात होतं. खोटं मागे घेणं पण माझ्या हातात होतं. पण एकदा ते ऑटोवर गेलं की मधल्या मधे पकडता येत नाही.

तुला हे का लिहितोय ते तुला कळलं नसेल. मला कळलंय.

खतीजाभाभीचं परत पत्र आलंय. लिहिलंय की तू तळ्यावरच्या भगताला बोलावलंस. वैशाखी अमावास्येला तो देवळासमोर सगळ्यांदेखत करणी करणाराचं नाव फोडणार. नाव कोणाचं फुटणार ते गावाला आत्ताच माहीत आहे म्हणे. विहिरीवर बायका वहिनीला घागर पुढे सरकवून देत नाहीत. तिने चिपळूणला भावाकडे निरोप धाडला होता. भाऊ बोलला, आधी नाव मोकळं होऊ दे, मग ये.

दादा, अमावास्या पुढे ढकल. भगताला सांग पोट बरं आहे. काहीही सांग.

मी ह्या पत्राला अजून एक पान लिहिलं होतं. ते फाडलं. इथे असलं लिंबाबिंबाचं प्रकरण कंपनीला कळलं तर पोलीस केस होते, आणि नुसतं घरी पाठवलं तरी नशीब, असं सगळे बोलतात. हे तुला सहज माहितीसाठी.

धन्या

⁂

मुसफ्फा
गुरुवार, १४ मे १९९८

महादूदादा,

हनीफ आज सुट्टीवर निघतोय, हे त्याच्या हाती देतो. पोस्टाने अमावास्येच्या आत पोचणार नाही. एअरपोर्टची गाडी आली की मला थांबावं लागेल, म्हणून पहिलं वाक्य तेच लिहितो.

लिंबू मी ठेवलं.

आता कसं ते. नोव्हेंबरात तू बेडवर बसून गावच्या करणीच्या गोष्टी सांगत होतास. कोणाच्या गोठ्यात काय पुरलं, कोणाची म्हैस कशी आटली. अख्खी खोली डोळे फाडून ऐकत होती. त्याच्या आधी मी एक जोक मारला होता, फार चांगला होता, त्याला कोणी हसलं नाही. एवढंच कारण आहे. ह्याच्याहून मोठं कारण मी शोधून बघितलं, सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेसमधून एक लिंबू घेतलं. टाइमकीपरच्या टेबलावरून सात टाचण्या, निळ्या डोक्याच्या. त्या टोचल्या. कुंकू इथे कुठे मिळणार? तुझ्या दोरीच्या डबीतली लाल पावडर चोळली. तुझ्याच. जी तू रोज पत्र्यावर मारायचास, जिने तुझी बोटं कायम लाल असायची, तीच. मला वाटलं तू एका सेकंदात ओळखशील आणि माझ्या कानाखाली मारशील आणि सगळे हसतील. जवळ खुंटीवर वहिनीने दिलेली पिशवी होती. तीत टाकलं. दुसरी कुठली पिशवी असती तर तीत टाकलं असतं.

तू पिशवी उघडलीस तेव्हा मी समोरच बसलो होतो, हसायच्या तयारीत. तू खाली बसलास. तुझ्या ओठावर घाम आला. एकच शब्द बोललास, "वहिनी?" त्यानंतर मला तोंड उघडता आलं नाही. मग तुझं शटल चाराचं सातवर गेलं, मी मोजत होतो. जानेवारीत तू बिस्तरा बांधलास. मी तुझी पेटी गाडीत चढवली. तेव्हा पण नाही बोललो.

पुरावा देतोय. हनीफजवळ कागदाची पुडी आहे, तीत ती पावडर. तुझी दोरी पण पाठवतोय, तुझीच आहे. पावडरला थुंकी लावून अंगठ्यावर चोळ. तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. आणि त्या टाचण्या ठेवल्या असशील तर बघ. निळ्या डोक्याच्या टाचण्या वहिनीकडे कुठून येणार? तिच्याकडे भाताच्या पोत्याची सुई आहे आणि गोधडीची.

हे पत्र भगतासमोर वाच. माझी आई पुढच्या ओळीत बसलेली असेल, ती असल्या ठिकाणी लवकर जाऊन जागा धरते. तरी वाच. फक्त आदल्या दिवशी तिला घरी जाऊन सांग, एवढं कर. नाही केलंस तरी माझं काही म्हणणं नाही. पुढे मला गावात तोंड दाखवता येणार नाही ते मी बघीन. कंपनीला कळवायचं तर पत्ता पाकिटावर आहेच.

लिंबू खोटं होतं, दादा. तुझं पोट खरं होतं. वहिनी पण खरी आहे.

गाडी आली.

धन्या

⁂

मुसफ्फा
शुक्रवार, २६ जून १९९८

महादूदादा,

हनीफ गेल्या शुक्रवारी आला. मी एअरपोर्टवर गेलो होतो. त्याच्या मागे मागे बॅगा ओढत विचारत होतो, पत्र दिलंय का, आणि तो बोलत होता, "हबीबी, पत्र नाही, पण माझे तीन शर्ट तेलात गेलेत तुझ्यापायी, आधी त्याचं बोल."

पत्र नाही. बरणी आहे. बरणीवर मी शेवटी येतो.

हनीफ मीठ-मसाला लावतो, तुला माहीत आहे. म्हणून त्याने जे सांगितलं ते खाली लिहितो. चुकलं असेल तिथे खोड.

तू पत्र ओटीवर उभ्यानेच वाचलंस. घडी केलीस. परत उघडून वाचलंस. मग खळ्यात जाऊन अंगठ्यावर पावडर चोळलीस आणि बराच वेळ अंगठ्याकडे बघत बसलास. हनीफने विचारलं, "काय सांगू त्याला?" तू बोललास, "अजून काही सांगू नको." आदल्या दिवशी तू माझ्या आईकडे जाऊन आलास. ह्याच्याबद्दल मला काही लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

अमावास्येला देवळासमोर सगळे जमले. तू भगतासमोर पुडी ठेवलीस आणि बोललास, "ही त्या लिंबावरची. सांगा कोणाच्या हातची."

भगताने वास घेतला. डोळे फिरवले. बोलला, "बाईमाणसाच्या हातची. जिचं कुंकू पुसलंय तिचं हे कुंकू."

वहिनी खांबाला टेकून उभी होती.

तू उठलास. खिशातून दोरी काढलीस, पावडर भरलीस. एक टोक हनीफच्या हातात दिलंस, दुसरं तू भगताच्या गुडघ्यापाशी दाबून धरलंस, मधे चिमटीत ओढलीस आणि सोडलीस. टण्ण. देवळाच्या लादीवर पंधरा फूट सरळ लाल रेघ. बरोबर वहिनीच्या पायापाशी जाऊन थांबली. हनीफ बोलतो, असली रेघ त्याने जन्मात बघितली नाही.

"ही अबुधाबीची पावडर आहे," तू भगताला बोललास. "पत्र्यावर रेघ मारायची. चार वर्षं ह्याच हातांनी जेवलोय मी."

मग तू माझं पत्र वाचलंस. सगळं. शटलच्या जागी थांबलास म्हणे, पण ते पण वाचलंस. भगत दक्षिणा न घेता गेला.  घरी येऊन चटई सोडलीस, तिच्या चुलीपाशी पाट ओढून बसलास आणि बोललास, "भूक लागलीय." ती बोलली, "हात धुवा आधी, लाल झालेत."

हे वाक्य हनीफने बनवलं नसेल. त्याला असं सुचत नाही.

आईने दोन दिवस दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीच गेली तिच्याकडे, चुलीवर चहा ठेवला. हे खतीजाभाभीने बघितलं, म्हणून खरं.

पोटाचं विचारलं तर हनीफ बोलला, पूर्ण नाही, पण साताचं तीनवर आलंय. मी सुचित्रा मॅडमना फोन करून सांगितलं. त्या बोलल्या, तीन चांगलं आहे, पण पोटाला वळण लागलं की लगेच जात नाही, चिडकं आतडं माफी मागितली म्हणून शांत होत नाही, त्याला वेळ दे. आणि विचारलं, "पाऊण इंचीवाला कसा आहे?" मी बोललो, कबूल झालाय. त्या बोलल्या, "आणि लिंबूवाला?" मी बोललो, तो पण तोच.

आता बरणी.

वहिनीने शिवलेली तीच पिशवी, मी ओळखली. आत कॉफीची काचेची बरणी. चार चिरा देऊन मसाला भरलेल्या अख्ख्या लिंबांचं मुरलेलं लोणचं. आणि तुझ्या हातची चिठ्ठी, चार ओळींची:

'धन्या, वहिनीने दिलंय. लिंबं सात आहेत. सहांत मसाला आहे. सातव्यात काय आहे ते तू शोध.'

दादा, मी खूप हसलो. मी बोललो, वा, दादा शिकला. खोलीत सगळ्यांना वाचून दाखवली. कॅम्पात आल्यापासून तू मारलेला हा पहिला जोक, आणि माझ्यावर. वहिनी कोणाला असलं-तसलं खायला घालणारी नाही हे मी स्वतः तीन पानं भरून लिहिलंय.

पहिलं लिंबू मी लगेच खाल्लं. उभ्यानेच, हातावर घेऊन. एक नंबर. दुसरं आणि तिसरं नेपाळ्याबरोबर दाल-भाताशी. त्याला काही सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं, की पाल नाही. चौथं खाताना मी आधी बोटाने चिरा उघडून बघितल्या. पाचवं टॉर्चच्या उजेडात बघितलं. सहावं हनीफला दिलं आणि तो खात असताना त्याच्या तोंडाकडे बघत बसलो. तो बोलला, "ऐसा क्या देखता है रे?"

सातवं बरणीत आहे. दोन दिवस झाले. काचेतून दिसतं. बाकीच्यांसारखंच आहे, थोडं लहान. एका चिरेत काहीतरी काळं आहे, मोहरी असणार. मोहरीच आहे.

त्यात काही नाही हे मला माहीत आहे. तू काही घालणार नाहीस, वहिनी घालणार नाही, आणि घातलं तरी करणी नावाची गोष्ट नसते हे आता मी कोणालाही पॅनेल उघडून समजावू शकतो. सगळं मला माहीत आहे. पण माहिती सगळी हॅन्डवर आहे, दादा.

आज सकाळी बरणीचं झाकण उघडलं, आणि तेव्हापासून तिसऱ्यांदा जातोय. हे पत्र रांगेत उभा राहून, भिंतीला कागद लावून लिहितोय, म्हणून अक्षर असं. माझ्या पुढे दोन माणसं आहेत. मागून कोणीतरी पाऊण इंची पाइपात फुंकतंय. बहुतेक नेपाळी.

वहिनीला विचारून खरं काय ते कळव. माझ्या पोटाच्या नावाने कळव, मला तर माहीतच आहे.

तुझा,
धन्या